त्रुटीसाहेबांचं उजेडाचं जाकीट

“दिसलाच नाहीत हो काका!” एवढं बोलून सायकलवाला निघूनही गेला, आणि त्रुटीसाहेब मैदानाच्या कडेच्या झुडपात बसून राहिले. बसून राहिले म्हणजे पडले होते. पण ‘पडणे’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता. घरी आल्यावर त्यांनी रोजच्या डायरीत नोंद केली ती अशी : ‘पहाटे ५.४० वा. एका सायकलस्वाराच्या हलगर्जीपणामुळे झुडपात आसनस्थ व्हावे लागले. डावे कोपर किरकोळ जखमी. फेऱ्या : आठ.’

फेऱ्यांचा आकडा त्या डायरीत रोज असायचा, आणि तो रोज आठच असायचा. अकरा वर्षं ते बायकोबरोबर पहाटे साडेपाचला या मैदानाला आठ फेऱ्या मारत आले होते. बायको जाऊन दोन वर्षं झाली. साडेपाच राहिले, मैदान राहिलं, आकडाही राहिला.

त्रुटीसाहेब हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली. तेवढ्या काळात त्यांच्या टेबलावरून एकही कागद पहिल्या फटक्यात पुढे सरकला नाही. कुठे समास कमी, कुठे तारीख नाही, कुठे सही आहे पण सहीखाली हुद्दा नाही. लाल शाईत ठरलेला शेरा पडायचा, ‘त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावे.’ नाव पाठीमागे पडलं, मग तोंडावर आलं, आणि निरोपसमारंभात तर हारासोबत ते फलकावरच लिहून आलं. त्यांनी फलकात शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या आणि हार स्वीकारला.

तर कोपराचं फारसं काही नव्हतं. लागलं होतं ते ‘दिसलाच नाहीत’ हे. पाच फूट दहा इंच उंची, पांढरा सदरा, पांढरे बूट. आता यापेक्षा माणसाने दिसायचं तरी किती? पण खरं सांगायचं तर सायकलवाला काही नवीन बोलला नव्हता. हल्ली लिफ्टमधली माणसं त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी गप्पा मारायची. दुकानात त्यांच्या मागून आलेल्याला आधी सामान मिळायचं. डॉक्टरांकडची बाई दोनदा ‘नेक्स्ट’ म्हणून त्यांच्या शेजारच्याकडे बघून हसली होती. दिवसच्या दिवस असे जायचे की संध्याकाळी घसा खाकरला की स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकायचे. हे कुणाला सांगणार? आणि सांगायचं तरी कुठल्या विषयाखाली?

रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिने आधी कोपरावरची पट्टी पाहिली, मग बापाला.

“बाबा, अंधारात फिरणं बंद. उजाडल्यावर जा.”

“उजाडल्यावर मैदानात फुटबॉल असतो. त्यात वेगळ्या प्रकारे आसनस्थ व्हावं लागेल.”

“मग इकडे या राहायला. खोली रिकामी आहे तुमची.”

“साडेपाच म्हणजे साडेपाच,” त्रुटीसाहेब म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं ते असं, की दिवसाच्या चोवीस तासांत तेवढा एकच तास मला एकटं वाटत नाही. पण असली वाक्यं त्यांच्या तोंडातून कधी निघाली नव्हती.

मुलगी त्यांचीच होती. तिने मुदत घातली. “महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत मला पटवून द्या, की तुम्ही अंधारात दिसता. नाही पटलं तर पहाटेचं फिरणं बंद. मी तुम्हांला चमकणारं जाकीट पाठवू का? नारिंगी मिळतं.”

“ते जाकीट दुसऱ्याने दिवा मारला तरच चमकतं,” त्रुटीसाहेब ताठ होऊन म्हणाले. “माझे दिवे मीच लावीन.”

हे बोलून बसले आणि मग करावंच लागलं.

कामाला सुरुवात त्यांनी रीतसर फाइल उघडून केली. विषय : ‘पहाटफेरीसाठी प्रकाशमान जाकीट घरगुती पातळीवर तयार करणेबाबत.’ घरातल्या प्रत्येक खरेदीची अशी फाइल असे. मिक्सरची होती, पंख्याची होती, बायकोच्या चपलांचीसुद्धा होती. टिपणाच्या शेवटी ‘मंजुरी’ असा रकाना आखलेला असायचा, आणि त्यात बायको ओल्या हाताने सही ठोकायची. “मंजूर, पण आता जेवायला चला,” असा शेराही तिने एकदोनदा मारला होता. या टिपणाखालीही त्यांनी सवयीने रकाना आखला. मग तो कोराच ठेवून फाइल मिटली.

नियमाप्रमाणे तीन दुकानांची कोटेशनं हवीत. पहिल्या दुकानदाराला ‘एलईडी पट्टीची प्रखरता, वजन व पाण्यापासून संरक्षण यांचा तपशील लेखी द्यावा’ हे पत्र मिळालं तेव्हा त्याला वाटलं कसली तरी धाड आली. त्याने त्यांना खुर्ची दिली, पंखा लावला आणि तपशील सोडून सगळं दिलं. दुसरा म्हणाला, “काका, घ्यायचंय की परीक्षा घ्यायचीय?” तिसऱ्याने मात्र, त्याला पुढे दिवेवाला म्हणू, जुन्या बिलाच्या पाठीवर का होईना, पण लिहून दिलं. त्याच्या दुकानात छतापासून फरशीपर्यंत दिवेच होते आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. त्रुटीसाहेबांनी तुलनात्मक तक्ता केला. दोन रकाने कोरे, एक भरलेला. दिवेवाला बिनविरोध निवडून आला.

“किती उजेड पाहिजे?” दिवेवाल्याने विचारलं.

“दिसण्यापुरता.”

“म्हणजे तुम्हांला दिसायला, की तुम्ही दिसायला?”

हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात नव्हता. त्रुटीसाहेब म्हणाले, “मी दिसायला,” आणि उगीचच त्यांचे कान गरम झाले.

दिवेवाल्याने हातभर लांबीची बारीक पट्टी आणि खिशात मावेल अशी पॉवर बँक दिली. पहिली चाचणी दिवाणखान्यात झाली. जुन्या विंडचिटरवर छातीशी पट्टी टाचली, बटण दाबलं. पट्टी लागली. त्रुटीसाहेब आरशासमोर उभे राहिले, जरा बाजूला वळून पाहिलं, पोट आत घेतलं. तेवढ्यात पट्टी विझली. पुन्हा दाबलं, पुन्हा लागली, पुन्हा अर्ध्या मिनिटात विझली. अकरा वेळा त्यांनी घड्याळ लावून नोंद केली आणि तक्ता घेऊन दुकान गाठलं.

“माल सदोष आहे.”

दिवेवाल्याने तपासून पाहिलं. “माल चांगलाय काका. तुमची पट्टी फारच कमी वीज ओढते. त्यामुळे पॉवर बँकेला वाटतं, पलीकडे कुणी नाहीच. मग ती आपोआप बंद होते.”

त्रुटीसाहेबांनी ती चपटी डबी उलटसुलट करून पाहिली. लिफ्टमधल्या लोकांचं ठीक होतं. पण आता डबीसुद्धा!

“मग उपाय काय?” त्यांनी विचारलं.

“जास्त पट्ट्या लावा. जास्त ओढलं की तिला कळतं, कुणीतरी आहे.”

“लावा,” त्रुटीसाहेब म्हणाले. इथून जे घोडं उधळलं ते उधळलं.

आता इथे खरेदी विभागाची एक रीत सांगितली पाहिजे. तिथे कुठलीही वस्तू लागते तेवढीच मागवायची नसते. मागणी करणारा थोडी जादा लिहितो, कारण वरचा काटछाट करणार. वरचाही थोडी जादा धरतो, कारण माल खराब निघणार. त्रुटीसाहेबांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांची ही वाढ कापण्यात घालवली. पण इथे कापणारं कुणी नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त विज्ञानाच्या मास्तरांनी दारातच सांगितलं, “छातीवर लावून काय उपयोग? सायकल पाठीमागून येते. पाठीवर लावा, बाह्यांवर लावा. माणूस चहूबाजूंनी दिसला पाहिजे.” मास्तरांनी दोन मीटर सांगितले. दिवेवाल्याने धुकं धरून तीन केले. शिलाईवाल्या बाईंनी शिवणीत जाणारं धरून चार केले. त्रुटीसाहेबांनी स्वतः अनपेक्षित खर्चाच्या नावाखाली पाच केले आणि फाइलवर सही केली.

शिलाईवाल्या बाईंचा हात चांगला होता, हे आधीच नमूद करतो. गळ्याची पट्टी अशी बसवायच्या की जन्मभर हलायची नाही. म्हणूनच त्यांनी एलईडीची पट्टीही गळ्याच्या पट्टीसारखी मापात कापली. पण एलईडीची पट्टी कात्रीची खूण असते तिथेच कापायची असते. बाईंनी खांद्याचं माप धरलं, खूण धरली नाही. परिणामी डावा खांदा मेला, पाठीवरची अर्धी पट्टी गेली आणि उजवी बाही तेवढी ढणाढणा पेटली.

“कापडाला असं काही नसतं हो,” बाई खाली मान घालून म्हणाल्या. “कापड कुठेही कापलं तरी कापडच राहतं.”

त्रुटीसाहेबांना त्या वाक्यात एकही त्रुटी सापडली नाही. त्यांनी मुकाट्याने पाच मीटर आणखी आणले. मेलेल्या पट्ट्या काढायच्या तर शिवण उसवणार, म्हणून दिवेवाल्याने त्याच जोडून जिवंत केल्या आणि बाईंनी नव्या त्यांच्या शेजारी बसवल्या. एवढा भार खिशातल्या डबीला पेलेना. दिवेवाल्याने पाठीवरच्या पिशवीत मावणारी मोठी बॅटरी दिली.

महिन्यातला तिसरा रविवार. त्रुटीसाहेबांनी मुलीला फोन लावला, मोबाइल टेबलावर उभा केला, खोलीतला दिवा बंद केला आणि बटण दाबलं.

मुलीच्या पडद्यावर सगळं पांढरंफटक झालं.

“बाबा?” ती म्हणाली. “बाबा, तुम्ही कुठे आहात?”

“समोर!”

“काही दिसत नाहीये. फोन खराब झाला का?”

त्रुटीसाहेबांनी बटण बंद केलं. दोन मिनिटं त्यांनाही काही दिसेना. अंधारात चाचपडताना त्यांचा हात भिंतीवरच्या बायकोच्या फोटोला लागून तो तिरका झाला. “खोली लहान पडते,” त्यांनी मुलीला सांगितलं. “मैदानात बरोबर दिसेल.”

मैदानात जे झालं त्याचा वृत्तांत डायरीत नाही. वॉचमनने जो ज्याला त्याला सांगितला, तोच मी इथे देतो. पहाटे साडेपाचला मैदानाच्या दक्षिण टोकाला एकदम सकाळ झाली. कावळे ओरडायला लागले. वसाहतीतले सगळे किडे-पतंग बिऱ्हाड-बाजल्यासह त्रुटीसाहेबांकडे राहायला आले. दोन वर्षांत एवढी मंडळी आपणहून त्यांच्याभोवती जमली नव्हती. धावायला येणाऱ्या एक बाई डोळ्यांवर हात धरून उलट्या दिशेने धावल्या. आणि तोच तो सायकलवाला समोरून आला, कचकन ब्रेक दाबला आणि थेट त्याच झुडपात गेला.

“आता तरी दिसलो ना?” त्रुटीसाहेबांनी विजयी स्वरात विचारलं.

“तुम्ही?” झुडपातून आवाज आला. “उजेड दिसला हो. आत माणूस आहे हे कसं कळणार?”

हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त लागलं. तरी ते हट्टाने आणखी पाच दिवस फिरले. ओळखीचे आधी निदान मान हलवायचे, तेही आता डोळे मिटून बाजूने जाऊ लागले.

सहाव्या दिवशी वसाहतीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. ‘मैदानात विनापरवानगी फिरती प्रकाशयोजना केल्याबद्दल खुलासा करावा. समितीचा निर्णय होईपर्यंत सदर प्रकाशयोजना बंद ठेवावी.’ त्रुटीसाहेबांना अपमान वाटला, पण ‘फिरती प्रकाशयोजना’ या शब्दांचं मनातून कौतुकही वाटलं. नोटिशीवर जावक क्रमांक नव्हता. त्यांनी लाल शेरा मारून ती परत पाठवली. सेक्रेटरी क्रमांक घालून पुन्हा आले. “आता झाली पूर्ण?” असं विचारून दारातच उभे राहिले.

मग तीन दिवस त्रुटीसाहेब गेले नाहीत. दिवे लावून जायचं तर परवानगी नाही, दिवे न लावता जायचं तर मुलीला दिलेला शब्द. पहाटे पाचला डोळे उघडायचे. बूट घालून ते खुर्चीत बसायचे. साडेपाच व्हायचे, सहा व्हायचे, मग बूट काढून ठेवायचे. मास्तरांच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, वर कुणीतरी खुर्ची ओढत होतं, सगळीकडे माणसं होती. शेवटचा, म्हणजे या महिन्यातला पाचवा, रविवार पाच दिवसांवर आला होता. जावं मुलीकडे, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. तिथली रिकामी खोली काय आणि हे रिकामं घर काय. त्यांना फार एकटं वाटत होतं आणि आता ते स्वतःशीही नाकारणं जमेना.

चौथ्या दिवशी सेक्रेटरी पुन्हा आले. चेहरा फुललेला. “घ्या! तुमच्याविरुद्ध लेखी तक्रार. ‘क’ इमारत, तिसरा मजला. मैदानासमोरची खिडकी. मी म्हटलंच होतं.”

त्रुटीसाहेबांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि वाचायला बसले.

‘विषय : पहाटे फिरणाऱ्या गृहस्थांच्या दिव्यांबाबत.

संदर्भ : माझी खिडकी.

महोदय,

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, अर्जदार ही गुडघ्यांच्या दुखण्यामुळे बाहेर पडू शकत नाही व गेली तीन वर्षे पहाटे खिडकीशी बसते. सदर गृहस्थ पूर्वी पत्नीसह येत. बाई त्यांच्या डाव्या हाताला असत. दोघे आठ फेऱ्या मारीत. आठव्या फेरीस गृहस्थ नाखूश असत, व बाई त्यांना कोपराने ढकलत, असे खिडकीतून स्पष्ट दिसे.

गेली दोन वर्षे गृहस्थ एकटे येतात. सात फेऱ्या मारतात. आठवी सुरू करतात, परंतु बाकाशी थांबतात व डावीकडे जागा सोडून बसतात. कितीही अंधार असला तरी ते चालण्यावरून ओळखू येतात. ते दिसले की मी चहा ठेवते.

मागील आठवड्यात त्यांच्या जागी एक मोठा उजेड फिरू लागला. उजेडाबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की, त्यात गृहस्थ दिसत नाहीत. गेले तीन दिवस तर उजेडही नाही. ते बरे आहेत किंवा कसे, हे समजण्यास मार्ग नाही. तरी त्यांनी दिवे कमी करून दिसावे, ही विनंती.

सेवानिवृत्त मुख्य लिपिक, आवक-जावक विभाग.

ता. क. आठव्या फेरीबाबत अर्जदारास काही अधिकार नाही. तरी विचार व्हावा.’

त्रुटीसाहेबांनी पत्र पुन्हा वाचलं. विषय होता, संदर्भ होता, तारीख होती, सहीखाली हुद्दा होता, समास तर मोजपट्टीने आखल्यासारखा. लाल पेन हातात तसंच राहिलं. मग ते उठले, डायऱ्या काढल्या आणि पानं उलटू लागले. ‘फेऱ्या : आठ. फेऱ्या : आठ.’ दोन वर्षं रोज त्यांनी खोटी नोंद केली होती. दुसऱ्यांच्या कागदांत आयुष्यभर चुका काढणाऱ्या माणसाची चूक कुणीतरी खिडकीत बसून मोजत होतं. त्यांना हसू आलं. मग चष्म्याच्या काचा धूसर झाल्या म्हणून त्यांनी त्या पुसल्या. पुसूनही उपयोग झाला नाही, कारण पाणी काचांवर नव्हतं.

“काय झालं?” सेक्रेटरी घाबरले. “फार कडक लिहिलंय का?”

“कागद निर्दोष आहे,” त्रुटीसाहेब म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी उत्तर लिहिलं. ‘आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की, (१) दिवे कमी करण्यात येत आहेत. (२) गृहस्थ बरे आहेत. (३) आठव्या फेरीचा प्रस्ताव मंजूर.’ खाली सवयीने ‘प्रत माहितीसाठी’ असं लिहून ते थांबले. मग लिहिलं, ‘घरी.’ ती प्रत त्यांनी घडी करून बायकोच्या कपाटात ठेवली आणि दिवेवाल्याकडे गेले.

“आणखी वाढवायचे?” दिवेवाला उत्साहाने उठला.

“एक द्या. छोटा. पिवळा.”

“कितीचा? उजेड किती पाहिजे?”

“माणूस दिसेल एवढा.”

दिवेवाल्याने बटणाएवढ्या सेलवर चालणारा, सदऱ्याला अडकवायचा एक दिवा काढला. या दिव्यात पॉवर बँकेची हुशारी नव्हती. पलीकडे कोण आहे, किती ओढतोय, याची तो चौकशी करत नव्हता. लावला की लागून राहायचा. दिवेवाल्याने बिलाची पाठ पुढे केली. “कोटेशन लिहून देऊ?”

“नको,” त्रुटीसाहेब म्हणाले, आणि हे वाक्य आपणच बोललो याचं त्यांना घरी पोहोचेपर्यंत आश्चर्य वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाच म्हणजे साडेपाचला ते मैदानात उतरले. छातीवर डाव्या बाजूला तो एवढासा दिवा. लांबूनच सायकलची घंटी वाजली आणि सायकलवाला वळसा घालून गेला. सात फेऱ्या झाल्या. आठवीला पाय नेहमीसारखेच कुरकुरले. बाक आला. त्रुटीसाहेबांनी बाकाकडे पाहिलं, डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि तसेच पुढे गेले. फेरी पुरी झाली तेव्हा ‘क’ इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका खिडकीत दिवा लागला. बहुधा चहा ठेवायला कुणी उठलं असावं. त्यांनी पोच म्हणून छातीवरचा दिवा एकदा बंद करून पुन्हा लावला.

रविवारी मुलीचा कॉल आला. “मग बाबा? दिसता का अंधारात?”

“दिसतो.”

“कशावरून?”

“लेखी आहे,” त्रुटीसाहेब म्हणाले, आणि त्यांनी पत्र विषयापासून ता. क. पर्यंत मोठ्याने वाचून दाखवलं. आठव्या फेरीपाशी थांबून ते पाणी प्यायले.

मुलगी हळूच म्हणाली, “आई खरंच कोपराने ढकलायची?”

“रोज,” त्रुटीसाहेब म्हणाले. “माझ्याकडे नोंद नव्हती. आता आहे.”